कर्ता चुकलेले वाक्य

१९७६ साली मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये शर्ली बाबाशॉफ या अमेरिकन जलतरणपटूने पूर्व जर्मन मुलींच्या रुंद खांद्यांविषयी आणि घोगऱ्या आवाजांविषयी उघडपणे शंका बोलून दाखवली. ती स्वतः २००, ४०० आणि ८०० मीटर मुक्तशैलीत दुसरी आली होती. सबब हे पराभूताचे रडगाणे, असा निवाडा वृत्तपत्रांनी देऊन टाकला. 'सर्ली शर्ली', म्हणजे तुसडी शर्ली, हे यमक तिला कायमचे चिकटले. (यमकाला पुरावा लागत नाही.)

वस्तुतः शंकेला आधार आकड्यांतच होता. १९७२ मध्ये म्यूनिकला पूर्व जर्मन महिलांना जलतरणात एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते. चार वर्षांनी त्यांनी १३ पैकी ११ पटकावली. मॉन्ट्रियलला स्टेरॉइडची चाचणीही होती. त्यांच्यापैकी कोणीही तीत सापडली नाही.

या यशामागचा कार्यक्रम शासनाने १९७४ मध्येच गुप्तपणे आखला होता. त्याचे शीर्षक 'राज्य नियोजन विषय १४.२५' असे रुक्ष होते. ओरल-ट्युरिनाबोल या स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या मुलींना जीवनसत्त्वे म्हणून दिल्या जात. दप्तरात त्यांना 'सहाय्यक साधने' म्हणत. भाषेच्या अभ्यासकाने थांबावे ते इथे. गोळी एकच, मुलीच्या तळहातावर ती जीवनसत्त्व, वरिष्ठांच्या कागदावर साधन. १९८० मध्ये मॉस्कोला तीन सुवर्णपदके जिंकणारी रिका राइनिश तेव्हा अवघी १५ वर्षांची होती. अशा मुलीविषयी 'तिने फसवले' असे लिहिले, तर वाक्य व्याकरणाला धरून होते, पण त्यातला कर्ता चुकतो. पदकांचा हिशेब वर द्यायचा होता तो प्रशिक्षकांना, डॉक्टरांना, अधिकाऱ्यांना. त्या हिशेबाची किंमत मात्र मुलींच्या शरीरांनी मोजली.

मात्र या यंत्रणेला नोंदी ठेवण्याची शिस्त होती, आणि तीच तिला भोवली. जर्मनीच्या एकीकरणानंतर वेर्नर फ्रांके आणि ब्रिगिटे बेरेंडोंक या दांपत्याने गोपनीय शोधप्रबंध व अहवाल मिळवले. १९९१ मध्ये बेरेंडोंकचे पुस्तक आले. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांना दोषी ठरवले. शिक्षा झाली ती स्थगित.

पदकांची फेरवाटणी करण्यास आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९८ मध्ये नकार दिला. बाबाशॉफने पुढे कॅलिफोर्नियात टपाल वाटण्याची नोकरी केली. २००५ मध्ये तिला 'ऑलिंपिक ऑर्डर' हा सन्मान मिळाला. मॉन्ट्रियलच्या त्या तिन्ही शर्यतींच्या निकालांत तिचे नाव दुसऱ्या ओळीतच आहे.