एक चंद्र, दोन मोजण्या

पेशवाईतली मोडी पत्रे वाचणाऱ्याला तारखेपाशी एक अक्षर हटकून भेटते: ‘छ’. त्यापुढे आकडा, मग रबिलावल, साबान किंवा जिल्काद असा महिना. हा ‘छ’ म्हणजे चंद्र. मुसलमानी महिन्याचा कितवा चंद्र, ते कारकून लिहीत असे. शके आणि तिथी त्याला पाठ असायचीच, पण दरबारी कागद या चंद्रावर चाले. आमचे मेहकर ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. पुढे वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली आली. अशा मुलखात दोन्ही मोजण्या येणे ही हौस नव्हती, गरज होती.

दोन्हींची सुरुवात जवळजवळ एकच. मराठी महिना अमावास्येला संपतो. उत्तर हिंदुस्थानात तो पौर्णिमेला संपतो. प्रतिपदेची कोर सहसा दिसत नाही, सूर्यापाठोपाठ बुडते. दिसते ती बिजेच्या संध्याकाळी. पंचांग महिना गणिताने सुरू करते, हिजरी महिना चंद्र डोळ्यांनी पाहून लागतो, आणि त्याचा दिवस सूर्यास्तापासून मोजतात. म्हणून पंचांगाची बीज ती बहुधा हिजरीची पहिली रात्र. 1960 च्या सिनेमामुळे ‘चौदहवीं का चांद’ सर्वतोमुखी झाला. पुनव तर पंधरावी तिथी, मग पूर्ण चंद्र चौदावा कसा? बिजेला एक म्हणा आणि मोजत जा. पुनवेला चौदा येतात.

तिथीच्या नावात उजेडही असतो, हे आपण विसरत चाललो. पानिपत झाले 14 जानेवारी 1761 ला. या तारखेवरून त्या रात्रीचे काही कळत नाही. पौष शुद्ध अष्टमी म्हटले की कळते: अर्धा चंद्र, मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा. जीव घेऊन पळणाऱ्यांना तेवढाच उजेड होता.

माझ्या आजीच्या तोंडी महिन्यांची किताबी नावे नव्हती. सफर म्हणजे ‘तेरातेजी’, रबिलावल ‘बारावफात’, आणि दोन ईदांच्या मधला जिल्काद नुसता ‘खाली’. महिन्याला ती ‘चांद’च म्हणायची. शेजारपाजारच्या बाया अवस, पाडवा, चवथ, पुनव म्हणत. दोघींचे एकमेकींना बरोबर समजे.

हा हिशेब अलीकडे साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. 10 जुलै 2022 आणि 29 जून 2023, दोन्ही आषाढी एकादशांना बकरी ईद आली. ईद जिल्हेजच्या दहाव्या दिवशी, एकादशी अकरावी तिथी. फरक तोच एकाचा. कुर्बानी तीन दिवसांत केव्हाही चालते, म्हणून 2023 साली कित्येक गावांतल्या मुसलमानांनी एकादशीचा दिवस सोडून ती पुढे केली. लोकांना हा योगायोग वाटला. 17 जुलै 2024 ला पुन्हा आषाढी एकादशी आली, पण या वेळी सोबत मोहरमची दहावी होती. मधे अधिक श्रावण होऊन गेला होता. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. पंचांग ती तूट अधिक महिन्याने भरून काढते, हिजरी वर्ष भरत नाही. त्यामुळे आषाढाचा जोडीदार बदलला.

याच कारणाने रमजान साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. वैशाखातले रोजे मी 1987 मध्ये कॉलेजात असताना धरले, आणि 2019 मध्ये पुन्हा, त्याच मेहकरच्या उन्हात.