आजी, तू तेव्हा कुठे होतीस?

सुरुवातीलाच एक प्रश्न. 20 मार्च 1927, महाडचं चवदार तळं. डोळ्यांसमोर काय येतं? बाबासाहेब ओंजळीत पाणी घेतायत, मागे प्रचंड गर्दी. बरोबर? आता त्या चित्रात बायका शोधा बरं. सापडतायत? मलाही बरीच वर्षं सापडत नव्हत्या.

पण बायका या चळवळीत होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला पुन्हा परिषद भरली, मनुस्मृतीचं दहन झालं आणि बाबासाहेबांनी खास बायकांसमोर वेगळं भाषण केलं. 1930 साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तिथेही त्या उतरल्या. आणि 20 जुलै 1942 ला नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका जमल्या होत्या.

तिथले ठराव ऐका. घटस्फोटाचा हक्क हवा. एका नवऱ्याला अनेक बायका ही पद्धत बंद व्हावी. कामगार बायकांना रजा मिळावी. कायदेमंडळात बायकांना प्रतिनिधित्व हवं. अजून देश स्वतंत्र व्हायचा होता, संविधानाचा पत्ता नव्हता, आणि या बायका नागरिक म्हणून मागण्या मांडत होत्या! पुढे 1955 साली हिंदू विवाह कायदा आला. त्यात एकपत्नीत्व आलं, घटस्फोटही आला. आपण शाळेत शिकतो की कायदा दिल्लीत झाला. पण तेच प्रश्न त्याआधी 13 वर्षं नागपूरच्या मांडवात विचारले गेले होते, हे कोण शिकवतं?

आता खरी गोष्ट. हे सगळं आपल्याला आज इतक्या तपशिलात माहीत आहे, त्यामागे दोन लेखिकांचे कष्ट आहेत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून. चळवळीतल्या बायका तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या, काही तर गेल्याही होत्या. या दोघी जुने कागद चाळत, गावोगाव फिरत, बायकांना भेटत राहिल्या. 1989 मध्ये पुस्तक आलं, ‘आम्हीही इतिहास घडवला’. त्यात चळवळीचा इतिहास आहे आणि त्यात वावरलेल्या बायकांच्या जीवनकथाही. नावातला तो ‘ही’ नीट ऐका. सगळं भांडण त्या एका अक्षरात आहे.

आपल्याकडे कोणी आर्ट्स घेतलं की घरचे विचारतात, ‘पुढे काय करणार?’ त्याचं एक उत्तर हे पुस्तक आहे. प्रश्न विचारणं, शांतपणे ऐकणं, आठवण आणि कागद ताडून बघणं, मग नीट लिहून ठेवणं. काम एवढंच. पण त्यामुळे काय झालं? ज्या बाईला वाटत होतं की आपण फक्त मोर्चात चाललो, तिचं नाव इतिहासात आलं. आणि आज ग्रामसभेत उभी राहून पाण्यावर बोलणाऱ्या मुलीला कळलं की असं बोलणारी आपण पहिली नाही. हा आधार लहान नाही हं. एकटं वाटणारा माणूस गप्प बसतो. मागे कोणीतरी उभं आहे हे कळलं, की आवाज फुटतो.

उर्मिलाताई आणि मीनाक्षीताईंना या बायका शोधत फिरावं लागलं. आपल्या तर खिशातच रेकॉर्डर आहे. तेव्हा या रविवारी आजीजवळ बसा. आधी तिला विचारा, रेकॉर्ड केलं तर चालेल का? मग विचारा, पाणी कुठून आणायचात? तिथे कोणाला येऊ देत नव्हते? पहिलं मत कधी दिलंस? कोणाला विचारून दिलंस? आणि मध्ये बोलू नका. ती थांबली, तर तुम्हीही थांबा. बहुतेक वेळा खरी गोष्ट त्यानंतरच येते.

ती म्हणेल, ‘आम्ही काय केलं गं, काही नाही.’

रेकॉर्डर बंद करू नका. गोष्ट तिथूनच सुरू होते.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!