विस्मरण आणि आज्ञावली : फायगेनबॉम यांच्या प्रबंधाचा विचार

वर्तनविज्ञान व संगणन यांची सांगड घालणाऱ्या प्रबंधांत संगणक पुष्कळदा आकडेमोडीपुरताच असतो. एडवर्ड फायगेनबॉम यांनी १९६० मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पूर्ण केलेल्या प्रबंधात मात्र आज्ञावली हाच सिद्धांत होता.

फायगेनबॉम मूळचे विद्युत अभियांत्रिकीचे विद्यार्थी. त्यांचे मार्गदर्शक हर्बर्ट सायमन राज्यशास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेले. कार्नेगीत संगणकशास्त्राचा विभाग १९६५ मध्ये स्थापन झाला. त्यामुळे स्मृतीवरील हे संशोधन १९४९ मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक प्रशासनाच्या पदव्युत्तर शाळेत झाले. विषयनिहाय मान्यतेच्या काटेकोर चौकटीत अशा प्रबंधाला परीक्षक मिळणेही कठीण झाले असते!

एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपासून निरर्थक अक्षरगट पाठ करण्याची पद्धत मानसशास्त्रात रूढ होती. अशा अभ्यासात वर्तनवादी परंपरेचा भर उद्दीपक व प्रतिक्रिया यांतील बंध दृढ वा क्षीण होण्यावर असे. फायगेनबॉम यांच्या 'एपॅम' या आज्ञावलीने वेगळे उत्तर दिले. शिकणारा संपूर्ण अक्षरगट साठवीत नाही. एक गट दुसऱ्यापासून वेगळा ओळखण्यापुरत्या खुणा तेवढ्या टिपतो. या खुणांच्या चाचण्यांचे एक फांद्याफांद्यांचे जाळे तयार होते. एखादा नवा, सारखा दिसणारा गट आला की तेथे नवी फांदी फुटते आणि पूर्वी योग्य उत्तरापर्यंत नेणारी अपुरी खूण आता भलतीकडेच नेते. जुने उत्तर पुसले गेलेले नसते. त्याच्याकडे जाणारी वाट तेवढी हरवलेली असते. म्हणूनच एकदा आलेले उत्तर पुढच्या फेरीत चुकते, आणि नंतर पुन्हा बरोबरही येते. मानवी प्रयोगांत दिसणारी ही अस्थिरता विस्मरणाचा वेगळा नियम न लिहिताही आज्ञावलीत प्रकट झाली. प्रबंधाचे खरे बळ येथे आहे.

अर्थात, यंत्राच्या चुका माणसासारख्या झाल्या म्हणून मनाची घडणही तशीच आहे, हे सिद्ध होत नाही. तरीही शब्दांत मांडलेल्या सिद्धांतात झाकून जाणारी प्रत्येक पायरी येथे स्पष्ट लिहावी लागली, ही उपलब्धी लहान नव्हे.

फायगेनबॉम पुढे तज्ज्ञ प्रणालींकडे वळले. १९९४ च्या ट्युरिंग पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले. एपॅमचा विस्तार सायमन यांनी सहकाऱ्यांसह चालूच ठेवला आणि १९९५ मध्ये तिच्या चौथ्या आवृत्तीद्वारे लांबलचक अंकमालिका लक्षात ठेवणाऱ्या एका तज्ज्ञाच्या स्मृतीचे प्रतिरूपण प्रसिद्ध केले.