राग एक, घाट अठरा

भरतनाट्यमच्या नेहमीच्या प्रेक्षकाला कार्यक्रमाचा क्रम पाठ असतो: अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् आणि शेवटी तिल्लाना. या क्रमाचे श्रेय तंजावरच्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांना दिले जाते, आणि ते रास्तच आहे. मात्र हे चौघे ज्या दरबारात वावरले तो तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) यांचा. १७९९च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेल्यावर या राजाचे लक्ष ग्रंथ, वैद्यक आणि संगीत यांवर एकवटले. त्याच दरबारात नृत्यासाठी मराठी ‘निरूपणे’ रचली गेली. ती वगळून या क्रमाचा इतिहास लिहिला तर तो अपुरा राहतो, असे माझे मत आहे.

सरफोजीराजांच्या नावावरच्या ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या संग्रहातले निरूपण म्हणजे साधारण अठरा रचनांची मालिका. सुरुवात जयजय आणि शरणु यांनी. मग अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद. पुढे स्वरजती, अभिनयपद, तिल्लाना, जक्किणी, गीत, प्रबंध, त्रिपुट, श्लोकवर्ण, कौतुक, आणि शेवटी मंगळ. यातली विलक्षण गोष्ट अशी की सगळ्या रचनांचा राग एक, ताल एक आणि आख्यानही एकच. राग-ताल स्थिर धरल्यावर ऐकणाऱ्यापुढे बदलतो तो केवळ रचनेचा घाट. सोल्लुमध्ये पाटाक्षरांची, म्हणजे नृत्याच्या बोलांची, लय पुढे येते. वर्णात पल्लवी, अनुपल्लवी, स्वर आणि चरण यांची चढती बांधणी दिसते. पदात चाल संथ होऊन अभिनयाला जागा मिळते. तिल्लान्यात शब्द जवळपास संपतात आणि बोल उरतात. संगीतरचनेचे प्रकार समजावून घ्यायला याहून चोख पाठ क्वचितच सापडेल. अठरा वेळा तोच राग म्हणजे कंटाळा, असे कोणी म्हणेल. एकेक रचना सुटी ऐकणाऱ्याला तसे वाटेलही. पण आख्यान पुढे सरकत असताना रागाने स्थिर राहणे सोयीचेच ठरते. एका आख्यानाचा धागा शेवटपर्यंत न सोडण्याची ही रीत मराठी कीर्तनाच्या उत्तररंगाला चांगलीच परिचित आहे.

यावर पहिला आक्षेप असा की यातले बरेच प्रकार सरफोजीराजांच्या आधीचेच आहेत. हे खरे आहे. गीत-प्रबंधांची परंपरा फार जुनी. मेलट्टूरच्या काशिनाथकवींच्या ‘शब्द’ प्रकारातल्या रचना तंजावरच्याच शहाजीराजांच्या (१६८४–१७१२) दरबाराशी जोडलेल्या. पण विटा जुन्या असल्या म्हणून घर जुने ठरत नाही. प्रश्न क्रमाचा आहे, आणि अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद ही निरूपणातली सलग पंचकडी आजच्या क्रमाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. फक्त सोल्लुच्या जागी जतिस्वरम् आहे. एवढे साम्य निव्वळ योगायोगाचे मानणे कठीण. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मराठी साहित्य राजाच्या नावावर असले तरी नाच बसवणारे नट्टुवनार आणि नाचणाऱ्या स्त्रिया तमिळ परंपरेतल्या होत्या, मग श्रेय मराठीला कसे? ते एकट्या मराठीला नाहीच. भरतनाट्यम् मराठ्यांनी घडवले, ही आपल्याकडे अधूनमधून मिरवली जाणारी बढाई पुराव्याला धरून नाही. तमिळ नट्टुवनार, तेलुगू पदांची परंपरा आणि मराठी आख्यान ही तिन्ही एका दरबारात नांदली, इतकेच पुरावा सांगतो. आणि ते पुरेसे आहे.

चौघा भावांचा क्रम निरूपणाशेजारी ठेवला की त्यांचे वेगळेपण कळते. त्यांच्या क्रमात राग-तालांचे आणि आख्यानाचे बंधन नाही; जक्किणी, गीत, प्रबंध, कौतुक नाहीत; आणि निरूपणात मध्यावर येणारा तिल्लाना शेवटी आहे. त्यामुळे प्रत्येक रचना स्वतंत्र झाली, निवडता-बदलता येऊ लागली. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे हे शिष्य. त्यांतला वडिवेलू पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ यांच्या दरबारी गेला. एका राजधानीबाहेर जगायचे तर असा सुटा क्रमच सोयीचा होता. निरूपणाला तो गुण नव्हता. त्याची भाषा मराठी, आणि १८५५ साली तंजावरचे दुसरे शिवाजीराजे निवर्तल्यावर राज्य खालसा झाले, तेव्हा त्याला आश्रय देणारा दरबारही गेला. संग्रह मात्र तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने देवनागरीत छापला आहे. मराठी गायक-नर्तकांनी त्यातले एक तरी निरूपण जयजयपासून मंगळापर्यंत, राग न बदलता, सलग सादर करावे.