टोक, शेंडा आणि अग्र : अर्थभेदाचा मागोवा

वस्तूच्या निमुळत्या शेवटाला मराठीत टोक, शेंडा, अणी, नोक, अग्र असे अनेक शब्द आहेत. ‘नोक’ फारसीतून आला; ‘अणकुचीदार’ या शब्दात देशी अंगाला फारसी प्रत्यय जडला. हे शब्द पर्यायवाचक मानले जात असले, तरी व्यवहारात त्यांची सरसकट अदलाबदल होत नाही. पेन्सिलीला टोक असते, शेंडा नसतो. शेंडा असतो तो झाडाला, उसाला, नाकाला, जिभेला; म्हणजे जे वाढते त्याला. म्हणूनच त्याची जोडी बुडख्याशी जुळते. दोरीला मात्र दोन्हीकडे टोकेच असतात. ‘टोकाची भूमिका’ या प्रयोगामागे हीच कल्पना दिसते.

याहून महत्त्वाचा भेद नातेवाचक शब्दांत आढळतो. संस्कृत ‘अग्र’ म्हणजेही टोकच; परंतु ‘अग्रज’ हा थोरला भाऊ, तर ‘शेंडेफळ’ हे सर्वांत धाकटे अपत्य. टोक तेच, क्रम मात्र उलटा. अग्र हे पुढे सरकणाऱ्याचे टोक असल्याने ते प्रथम ठरते. शेंडा बुडापासून वर मोजला जातो, म्हणून तेथील फळ शेवटचे.

महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. शासनव्यवहाराच्या मराठीत ‘अग्रक्रम’, ‘अग्रिम’ यांना स्थान मिळाले. शेंडा घरात आणि शेतातच राहिला. कोशकाराने ‘शेंडा म्हणजे अग्र’ एवढेच नोंदविले, तर कृषिजीवनातून आलेली ही गणनेची रीत नजरेआड होते. म्हणून अर्थाबरोबर प्रत्येक शब्दाचे प्रयोगक्षेत्रही नोंदविणे आवश्यक ठरते.