बॅटचे आठ तुकडे

१९७१ साली अमेरिकेत एक चकचकीत, वळणदार फायबरग्लासची पेटी बाजारात आली. नाव 'कॉम्प्युटर स्पेस'. नाणं टाकून खेळायचा, कारखान्यात बनून विकला गेलेला हा पहिला व्हिडिओ गेम. त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता आणि सॉफ्टवेअरची एक ओळही नव्हती. रॉकेट, उडत्या तबकड्या, गोळ्या हे सगळं साध्या लॉजिक चिप्स एकमेकींना जोडून साधलेलं. रॉकेटची चित्रं दाखवणारे डायोड तर बोर्डावर रॉकेटच्याच आकारात बसवलेले! रोज कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला त्या बोर्डाचा फोटो बघूनच हात जोडावेसे वाटतात.

गेम मात्र फारसा चालला नाही. हजार-दीड हजार पेट्या खपल्या, तेवढ्याच.

पुढच्याच वर्षी त्याच नोलन बुश्नेल आणि टेड डॅब्नी या जोडीने अटारी कंपनी काढली आणि 'पाँग' आणला. दोन उभ्या रेघा, एक चौकोनी ठिपका. त्याच्या आठ हजारांवर पेट्या गेल्या. आणि कल्पना यांची नव्हतीच. राल्फ बेअर यांच्या कामातून आलेल्या, टीव्हीला जोडायच्या 'मॅग्नावॉक्स ओडिसी'वर टेबल टेनिस होतं, ते बुश्नेलने मे १९७२ मध्ये एका प्रात्यक्षिकात पाहिलं होतं. मॅग्नावॉक्सने पुढे खटला भरला आणि १९७६ मध्ये अटारीने परवान्याचे पैसे मोजून तो मिटवला.

नव्या डिझाइनमुळे गेमला मजा येते म्हणावं, तर हा निकाल उलटा लागायला हवा होता.

बुश्नेलचं स्वतःचं स्पष्टीकरण असं की 'कॉम्प्युटर स्पेस' लोकांना अवघड गेला. ते खरंच आहे. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, इंजिन, गोळी अशी चार बटणं. इंजिन बंद केलं तरी रॉकेट न्यूटनच्या नियमाने वाहतच राहणार. हातात बिअरचा ग्लास असलेला माणूस कशाला हे शिकेल? पहिली चाचणी स्टॅनफर्डजवळच्या, विद्यार्थ्यांची गर्दी असलेल्या बारमध्ये झाली. तिथे गेम झकास चालला आणि त्यामुळेच अंदाज चुकला.

पण मला हे अर्धंच उत्तर वाटतं. कारण ज्यावरून हा गेम घेतला, तो एमआयटीमधला १९६२चा 'स्पेसवॉर!' याहून अवघड होता. मधोमध तारा, त्याचं गुरुत्वाकर्षण सतत खेचतंय आणि समोरच्या यानात आपला मित्र! 'कॉम्प्युटर स्पेस'मध्ये तारा गेला आणि मित्रही गेला. समोर राहिल्या दोन तबकड्या. स्वस्त हार्डवेअरमध्ये काय बसतं ते ठेवलं आणि भांडायला कोणी ठेवलं नाही. त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये दोघा तरुणांनी एका खऱ्या कॉम्प्युटरवर 'स्पेसवॉर!' नाण्यावर चालवला, प्रतिस्पर्ध्यासकट. 'गॅलक्सी गेम' नावाचं ते यंत्र तिथे १९७९ पर्यंत टिकलं. ते धंदा म्हणून कधीच परवडलं नसतं, ते वेगळं.

'पाँग' एकट्याने खेळताच येत नव्हता.

बाकी करामत अल अल्कॉर्नची. बुश्नेलने त्याला नुसता सराव म्हणून हे काम दिलं आणि जनरल इलेक्ट्रिकची ऑर्डर आहे अशी थाप मारली. अल्कॉर्नने बॅटचे आठ तुकडे कल्पिले. मधल्या भागावर चेंडू लागला तर सरळ परत जाणार, कडेला लागला तर तिरका. म्हणजे चेंडू अडवणं हा बचाव राहिला नाही, नेम झाला. रॅली लांबली की वेग वाढतो. सर्किटमधल्या एका उणिवेमुळे बॅट स्क्रीनच्या अगदी वरपर्यंत जात नव्हती. ती त्याने मुद्दाम दुरुस्त केली नाही, नाहीतर दोन तरबेज खेळाडू कधी थांबलेच नसते. (माझ्या ऑफिसात हा बग म्हणून नोंदला गेला असता आणि दोन दिवसांत 'सुधारला' असता.) आवाजासाठी बुश्नेलला प्रेक्षकांचा जल्लोष हवा होता, डॅब्नीला हुर्यो. अल्कॉर्नने सर्किटमध्ये आधीपासूनच असलेले सूर हुडकले आणि तोच तो 'टॉक' वापरला.

ओडिसीवर ना आवाज होता ना स्क्रीनवर गुण. चेंडू मारल्यानंतरही गोल खुंटी फिरवून तो हवेत वळवता यायचा, म्हणजे चुकीच्या क्षणी मारलात तरी सावरायला वाव. 'पाँग'मध्ये तो वाव नाही. चेंडू बॅटच्या कुठल्या भागावर घेतलात, तिथेच काय ते ठरतं. नावीन्याचा मान मी बेअर यांनाच देईन, निःसंशय. टीव्हीवर खेळता येईल हे त्यांनी १९६०च्या दशकातच ओळखलं होतं. बॅटच्या आठ तुकड्यांना मात्र नावीन्य म्हणायचं की नुसती मशागत, हे मला ठरवता येत नाही. बाहेरून ती दिसतसुद्धा नाही. खेळणाऱ्याच्या मनगटाला चौथ्या-पाचव्या फटक्यात कळते.

सनीवेलच्या अँडी कॅप्स टॅव्हर्नमध्ये ठेवलेली 'पाँग'ची नमुना पेटी थोड्याच दिवसांत बंद पडली. अल्कॉर्नने जाऊन उघडली, तर आत नाण्यांना जागा उरली नव्हती.

१९७३ मध्ये 'कॉम्प्युटर स्पेस'ची दोघांनी खेळायची आवृत्ती निघाली. तोवर बाजारात 'पाँग'च्या नकलांची रांग लागली होती.