अस्तारोथ आणि म्हसोबा

मुळशी तालुक्यातले भरे हे आमचे गाव. लहानपणी आजी दिवेलागणीनंतर बाहेर जाऊ देत नसे. बाहेर कोण कोण बसले आहे ह्याची यादी तिला तोंडपाठ होती. पिंपळावर मुंजा, म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला ब्राह्मणाचा पोरगा. धनात जीव अडकलेला ब्राह्मण तो ब्रह्मसमंध. खवीस कुणी मुसलमानाचा म्हणे, कुणी महार-मांगाचा. बाळंतपणात गेलेली बाई हडळ. ह्या सगळ्यांचा राजा वेताळ. मेल्यावरही जात सुटत नाही, हे समाजशास्त्राच्या पुस्तकाआधी मला ह्या यादीने शिकवले.

पुढे कॉलेजात इतिहास शिकवू लागलो आणि युरोपातल्या जादूच्या जुन्या पोथ्यांविषयी वाचताना आजीची यादी पुन्हा भेटली. योहान वायर हा क्लेव्हच्या ड्यूकच्या दरबारातला वैद्य. चेटकीण म्हणून ज्या बायकांना जाळतात त्या आजारी आहेत, भ्रमात आहेत, गुन्हेगार नाहीत, असे त्याने १५६३ साली ग्रंथ लिहून सांगितले. त्या काळात हे बोलणे सोपे नव्हते. १५७७ साली त्याच ग्रंथाला त्याने ६९ सैतानांची एक यादी जोडली. प्रत्येकाला पदवी आहे: कुणी राजा, कुणी ड्यूक, कुणी मार्क्विस. प्रत्येकाच्या हाताखाली मोजून पलटणी. पहिला बाएल, पूर्वेचा राजा, तीन मुंडक्यांचा, ६६ पलटणींचा धनी. युरोपच्या सरंजामशाहीने नरकातही आपली उतरंड नेऊन ठेवली. ह्या प्रकाराचे हसे व्हावे म्हणून वायरने यादी छापली. कुणी तिचा प्रयोग करू नये म्हणून काही मजकूर मुद्दाम गाळला. तरी पुढच्या शतकात ती यादी वाढून ७२ सैतानांची झाली आणि मंत्रतंत्र करणाऱ्यांच्या पोथीत जाऊन बसली. चळवळीच्या प्रदर्शनात भगताची वही उघडी पाडावी आणि पाहायला आलेल्यांनी ती उतरवून न्यावी, तसाच हा प्रकार. (आपल्याकडे एखाद्याला सैतान ठरवणे हा गुन्हा व्हायला २०१३ साल उजाडावे लागले, आणि तेही २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर.)

ह्या यादीतला एक सैतान मला सोडीना. त्याचे नाव अस्तारोथ. ओंगळ रूपाचा, अजगरासारख्या राक्षसी प्राण्यावर बसलेला, हातात साप, तोंडाला अशी दुर्गंधी की जवळ जाऊ नये. ४० पलटणींचा ड्यूक. पण हा मुळात पुरुषच नव्हे. ही अस्तार्ते, सिदोन आणि आसपासच्या किनाऱ्यावरच्या लोकांची देवी. यहुद्यांच्या धर्मग्रंथात तिचे नाव अष्तोरेथ असे येते. हिब्रूचे अनेक अभ्यासक सांगतात की देवीच्या नावातली व्यंजने तशीच ठेवून त्यांत ‘बोशेथ’ ह्या शब्दाचे स्वर भरले. बोशेथ म्हणजे लाज. नाव उच्चारले की लाजही उच्चारली जावी, अशी ही व्यवस्था! त्याच नावाचे अनेकवचन पुढे लॅटिनमध्ये गेले आणि बाईचा बाप्या झाला, देवीचा सैतान झाला. बाएलही असाच, कनानी लोकांचा देव बाल.

मनुस्मृती वाचलेल्या माणसाला ही युक्ती नवी वाटणार नाही. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे किळसवाणे, असा तिचा दुसऱ्या अध्यायात स्पष्ट नियम आहे. आमच्या आज्यापणज्यांची धोंड्या, कचऱ्या ही नावे कुठून आली हे वेगळे सांगायला नको. पोर जगावे म्हणून ओंगळ नाव ठेवतात, असे त्याचे कारण सांगितले जाते, आणि काही घरांत ते खरेही असेल. पण महारवाड्यातले पोर जगले तरी त्याचे नाव कुणी बदलीत नसे.

आता म्हसोबाकडे वळू. मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात महिषासुर हा मारण्यासाठीच जन्मलेला दैत्य आहे. गावच्या शिवेवर तोच शेंदूर लावून बसलेला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीच्या डोंगरवाटा पायी तुडवीत असे दगड नोंदवीत हिंडले. १९६२ साली आलेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ ह्या ग्रंथात त्यांनी म्हसोबा आणि महिषासुर ह्यांचे नाते मांडले. पुरंदर तालुक्यातल्या वीरला म्हस्कोबाचे जोगूबाईशी दरसाल लग्न लागते. आमच्या घोटवडे फाट्यावरून माणमार्गे हिंजवडी-वाकडकडे उतरले की तिथेही म्हातोबा जोगेश्वरीसह नांदतो. पोथीत देवी त्याला मारते आणि गावात त्याच्याशी संसार करते. दोन टोळ्या, दोन दैवते एकत्र आल्याची ही खूण असावी. पोथी लिहिणाराच्या हाती लेखणी होती, म्हणून त्याची बाजू शाळेत पोचली.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हेच उलट करून वाचले. त्यांच्या मते राक्षस म्हणजे रक्षक, आणि म्हसोबा म्हणजे बळीराजाचा ‘महासुभा’. आपले काही मित्र ही व्युत्पत्ती भाषाशास्त्र म्हणून पुढे करतात. तसे करू नये. ‘सुभा’ हा शब्द मुसलमानी अमलाबरोबर आलेला आहे, तो बळीच्या काळात असू शकत नाही. पंडित हसतात ते एवढ्याच जागी, आणि आपण त्यांना ती जागा का द्यावी? जोतीरावांचे मोठेपण व्युत्पत्तीत नाही. हा दैत्य कोणाचा देव होता आणि त्याला दैत्य कोणी म्हटले, हा प्रश्न त्यांनी विचारला, हे त्यांचे मोठेपण. वायरच्या पोथीत एक विलक्षण वाक्य आहे: अस्तारोथ इतर पतितांच्या पापाविषयी मोकळेपणाने बोलतो, पण आपण स्वतःच्या मर्जीने पडलो नाही, असे सांगतो. शत्रूच्या दप्तरातली ही साक्ष युरोपात कुणी तपासली असेल-नसेल. आपल्याकडची जोतीरावांनी तपासली.

तपासायला आणखीही आहे. दसऱ्याला रेडा मारण्याची चाल अनेक गावांत होती. रेडा धरून आणायचा महाराने, मुंडके न्यायचे महाराने, मांस महारवाड्यात. म्हणजे महिषासुराचा वध दरवर्षी व्हायचा आणि त्याची वेठ आमच्यावर. उच्छिष्ट खाल्ले म्हणून पुन्हा विटाळही आमचाच.

मग म्हसोबाला आपला म्हणून परत घ्यावा काय? चळवळीतले काही तरुण तसे म्हणतात. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या आजोबांनी घरातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले. ते योग्यच केले असे मी मानतो. भगताच्या अंगात येणारा म्हसोबा मला नको; त्याने आमच्या किती बायकांच्या डोळ्यांत मिरच्यांची धुरी घातली हे मी पाहिले आहे. आजी मात्र त्या दगडापुढून जाताना पदर सावरीत असे. आजोबा रागावत. “देव म्हणून न्हाई, आपला म्हणून,” एवढेच ती म्हणे. आजोबांचे आणि तिचे ह्या बाबतीत शेवटपर्यंत जमले नाही, आणि मला आज दोघांपैकी एकालाही चूक म्हणवत नाही. पूजा वेगळी आणि नोंद वेगळी, एवढा फरक मी करतो.

म्हणून विद्यार्थ्यांना मी एक काम दिले आहे. आपल्या गावच्या शिवेवरल्या दगडाचे नाव, नैवेद्य कोणता, कोणाच्या हातून जाई, कोणाला शिवू देत नसत, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहायचे. पिरंगुट-भरे पट्ट्यात कारखाने आले, रस्ते रुंद होत आहेत, दगड हलत आहेत. भरे गावाची वही माझ्याकडे आहे. ती अर्धीच झाली आहे. ज्यांना विचारायचे होते त्यांतली दोन माणसे गेल्या पावसाळ्यात गेली.